बादशहाला मुखवटा नाही

जव्हारहून आमची मोटार निघाली ती कोळशाच्या गॅसवर. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं. मोखाड्याच्या वाटेवर एका चढाला ती धापा टाकत थांबली आणि आम्ही उतरून ढकलू लागलो. माझे मामा, कचेरीतले कारकून, तेवढे छत्री उघडून उभे राहिले. माझ्या पिशवीत इंग्रजी साप्ताहिकातून कापलेलं चित्र होतं. पांढऱ्या घोड्यावर जपानचा बादशहा. चष्मा, बारीक मिशी. घोडा नसता तर गणिताचा मास्तर वाटला असता.

चित्र मामांनीच मुंबईहून आणायला सांगितलं होतं. पोशेऱ्याला बोहाडा होता (देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून नाचण्याचा इथला उन्हाळी उत्सव). यंदा रावणाच्या जागी जपानचा बादशहा नाचवायचा आणि रामाकडून मारवायचा, असा त्यांचा बेत.

"वरून हुकूम नाही हो, माझीच कल्पना," ते मोटारभर सांगत होते.

उतरल्यावर पायवाट लागली. दोन्ही बाजूंना राब भाजलेल्या जमिनीचे काळे तुकडे (भाताची रोपं करण्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात) आणि मध्येच करवंदांच्या जाळ्या. मी चालता चालता ओंजळभर करवंदं खाल्ली. मामा म्हणाले, "ओठ पूस. लोक काय म्हणतील?"

रावणाचं सोंग काढायचा मान ज्या घराकडे होता, तिथे पारूमावशींनी आम्हाला नागलीची भाकर आणि ओल्या मिरचीचा ठेचा वाढला. त्यांचा मुलगा फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला होता. पुढे त्याची खबर आली नाही. हे मामांना ठाऊक होतं. "तिला तर सगळ्यांत जास्त आनंद होईल," असं ते वाटेत म्हणाले होते.

सुपांत मुखवटे मांडले होते. प्रत्येकापुढे तांदूळ, शेंदूर, रावणापुढेसुद्धा. शेजारी रंगारी ब्रश धुऊन तयार बसला होता.

मावशींनी चित्र उन्हाला धरलं. "साहेब, रावणाला पण आधी नारळ फोडावा लागतो. त्याबिगर सोंग निघत नाय."

"मग फोडा की! नारळ मी आणलाय."

"ह्याला?" त्या माझ्याकडे वळल्या. "बाय, ह्याच्या मुलखातले ह्याला काय मानतात?"

"सांग गं सुमे, तुझ्या साप्ताहिकात लिहिलंय ते," मामा म्हणाले.

चार अनोळखी माणसांत बोलायची मला सवय नव्हती. "देव मानतात," मी म्हणाले.

"तिकडं देव. आन हितं आम्ही नारळ फोडून आणखी एक देव करू?"

मावशींचे यजमान चित्रात डोकावले. "मिशी पण रावणाची नाय. झुरळ बसल्यावानी दिसतं."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. "रावण झाला तर हा रामाच्या हातून मरून सुटला. सकाळी सोंग उतरलं की आम्हीच त्याच्या पाया पडणार. मंग माझ्या पोऱ्याचं कोणाला इचारू? देव जाब देत नाय, साहेब. माणसाला इचारता येतं. ह्याला माणूसच राहू द्या."

मामांचा चेहरा लाल झाला. "टेंभ्यांचं तेल माझ्या सहीने येतं, ध्यानात ठेवा."

"मंग अंधारात नाचू."

"सुमे, ते चित्र घे आणि रंगाऱ्याला दे."

मामांना मी कधी नाही म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाही. मावशींनी पुढे केलेलं चित्र मी घेतलं आणि परत त्यांच्याच हातात ठेवलं. त्यांनी ते दाराजवळच्या कुडात (कारवीच्या भिंतीत) खोचलं, मुखवट्यांपासून लांब. "तोंड ध्यानात राहाया हवं," त्या म्हणाल्या.

त्या रात्री रावण रावणाच्याच तोंडाने नाचला. तेल घराघरांतून आलं. परतीच्या मोटारीत मामांनी आम्हा दोघांच्या मध्ये छत्री आडवी ठेवली.

मग लढाई संपली. हिवाळ्यात वर्तमानपत्रात आलं, की आपण देव नाही असं जपानच्या बादशहाने स्वतःच प्रजेला कळवलं. आमच्या कॉलेजात त्याच्या नम्रतेचं फार कौतुक झालं.

पुढच्या बोहाड्याला मी एकटीच पोशेऱ्याला गेले. मुलगा आलेला नव्हता. चित्र कुडातच होतं, चुलीच्या धुराने घोडासुद्धा काळा पडलेला. मी बातमी सांगितली.

"म्हणजे माणूसच निघाला," मावशी म्हणाल्या. "मंग इचारलं कोणी त्याला?"

"नाही, मावशी. त्याच्या सेनापतींना विचारतायत. तो गादीवरच आहे."

मी चित्र काढायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे तिथंच. मी हाय अजून."

परतताना मोटार त्याच चढाला थांबली आणि मी उतरून ढकलू लागले. मुंबईत आता जो तो म्हणतो, लढाई संपली, झालं गेलं विसरा. मी पूर्वी मान डोलावली असती. आता मोठ्याने विचारते, "कुणाची संपली?"