घट्ट टाक्यांच्या गाद्या

यंत्रावर कापूस पिंजायला घेतला की त्या खोलीत खालचं वरचं काही उरायचं नाही. कापूस उडायचा आणि उडाला की खाली यायचं विसरायचा. खिडकीतून आत आलेलं ऊन त्यातच अडकून बसायचं. त्या धुरकट उजेडात दोन बायका नाकातोंडाला फडकी बांधून हळूहळू हलायच्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, या पाण्याखाली राहतात की काय.

एक थोरली, एक धाकटी. सख्ख्या जावा. पुरुषांच्या हातात होतं तोवर हे गाद्यांचं दुकान बसलेलं होतं; बायकांनी घेतलं तसं उठून उभं राहिलं. थोरलीचा नवरा टेम्पोतून गाद्या पोचवायचा आणि "मी मालकिणीचा हमाल" असं ज्याला त्याला सांगायचा. त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता. जेवण वेळेवर मिळत होतं.

धाकटी खोळी शिवायची, गिऱ्हाईक सांभाळायची. थोरली पिंजायची, भरायची आणि दाभण चालवायची. भरलेल्या गादीत जागोजाग दोऱ्याचे टाके घालतात, कापूस हलू नये म्हणून. सगळं कसब तो टाका ओढण्यात. सैल ओढला तर कापूस पळतो, घट्ट ओढला तर गादीचं खडकाळ रान होतं. थोरलीचा हातच असा, की तिच्या गादीवर पडलेलं माणूस बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून घोरायला लागायचं.

पंचेचाळिशी उलटली आणि तिची पाळी मनाला येईल तशी यायला लागली. कधी घाईनं, कधी महिना गाळून. पाळीच्या आधी चिडचिड तिला तरुणपणापासूनच व्हायची, पण ती ओळखीची होती. यायची, टेकायची, जायची. आता जे यायचं ते आत घुसून दाराला कडी लावायचं. सकाळी जाग यावी तर अंगात कुणीतरी ओला कापूस ठासलेला. आवाज लांबून यायचे, विहिरीतून आल्यासारखे. माणसं काचेपलीकडं दिसायची आणि सगळी मिळून आपल्याविरुद्धच काही बोलताहेत असं वाटायचं. नवऱ्यानं चहाचा घोट घेताना आवाज केला तरी कपाळाची शीर उडायची. जिभेला धार चढायची, आणि दिवसभर दुसऱ्यांना कापून झालं की संध्याकाळी तीच धार स्वतःवर. आपण नसलो तर कुणाचं काय अडतंय? आणि मग एका सकाळी पाळी यायची, मळभ जायचं, आणि ती आरशात बघत बसायची. काल इथं जी होती ती बाई कोण?

"वय झालं की बाई तापतेच," नवरा म्हणाला आणि टेम्पो घेऊन पसार झाला. दवाखान्यात नेलं ते धाकटीनं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मरणाचे विचार येतात का, तेही विचारलं, भाजीचा भाव विचारावा इतकं सरळ.

"येतात," थोरली म्हणाली. "पण कामाच्या गडबडीत त्यांना बसायला जागा मिळत नाही."

"मिळाली तर त्याच दिवशी इथं यायचं. नंबर लावायचा नाही, दार ढकलायचं." मग त्यांनी सांगितलं, की पाळी जायच्या आधीची काही वर्षं अंगातले हार्मोन असेच बेभान चढतात, उतरतात. कुणाला ते जाणवतही नाही, कुणाच्या मनाला तो चढउतार मुळीच सोसत नाही. कमरेखाली चिकटवायची पातळ, पारदर्शक पट्टी त्यांनी लिहून दिली. ती आठवड्यातून दोनदा बदलायची, म्हणजे अंगात एक पातळी राहते. शिवाय निजताना एक गोळी. "ती आपल्या मनानं बंद करायची नाही. नुसत्या पट्टीनं गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं."

"म्हणजे आत पण गादीच भरायला लागते म्हणा की," थोरली म्हणाली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

गुण आला. एकदम नाही, पण आला. पाळीआधीचे दिवस यायचे ते आता उंबऱ्यावर थांबायचे, आत डोकावायचे. दुपारच्या उजेडात थोरली पिंजत बसायची आणि उडणाऱ्या कापसाकडं बघता बघता तिला वाटायचं, आपणही त्यातलाच एक पुंजका, वजन नसलेला. धाकटी हाक मारायची तेव्हा ती कुठूनतरी लांबून परत यायची, पण हसत यायची.

मग उन्हाळा लागला आणि सगळं फिरलं. पुन्हा ओला कापूस, पुन्हा ती काच. कधी चार दिवस बरे, कधी मध्येच कडा तुटून पडावा तसं मन खाली. पट्टी बदलायला जावं तर जुनी जागेवर नसायची. आंघोळीत गेली असेल, म्हणून ती नवी लावायची. मुळात माझा स्वभावच सडका, तिनं ठरवून टाकलं. स्वभावाला कुठं औषध असतं?

अशाच एका दिवशी ती जेवायला घरी गेली आणि विसरलेल्या किल्ल्यांसाठी अर्ध्या वाटेतून मागं आली. धाकटी भरल्या गादीवर वाकून टाके कापत होती.

"काय चाललंय?"

धाकटी दचकली. "टाके सैल करते, ताई."

"माझे?"

"घट्ट पडलेत."

"कधीपासून करतेस हे?"

धाकटीनं कात्री पदराआड घेतली, तेव्हा थोरलीला कळलं की बऱ्याच दिवसांपासून. "पाठीमागनं माझं काम उसवतेस? लोकांना दाखवायला, थोरली संपली म्हणून?"

"लोकांना दाखवायचं असतं तर हात नसता लावला. तसंच पाठवलं असतं."

बोलणं खरं होतं, पण दिवस चुकीचा. थोरलीनं दाभण भिंतीवर भिरकावला. "स्वतःच्या पोटी काही उभं राहिलं नाही, म्हणून दुसऱ्याचं उसवत बसतेस! उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

धाकटीला मूल नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता, सासूनंसुद्धा नाही. धाकटीनं तोंडावरचं फडकं सोडलं, त्याची नीट घडी घातली आणि ती निघून गेली.

नवऱ्यानं संध्याकाळी बातमी आणली. फोमच्या गाद्यांच्या कारखान्यात शिलाईवर देखरेखीला बाई हवी होती, ते धाकटीला केव्हापासून बोलावत होते. सोमवारी येऊन नक्की सांगते, म्हणून तिनं निरोप पाठवला होता. "गेली की आपलं दुकान बसलंच समज," तो म्हणाला. या वेळी त्यानं पळ काढला नाही, तिथंच गुडघ्यांवर हात ठेवून बसला. थोरलीला दुकानापेक्षा तो शब्द टोचत होता. तोंडातून सुटला होता आणि खोलीतच कुठंतरी तरंगत होता, खाली बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मास्तरांची गादी परत आणली. "मास्तर म्हणतात, अंगावर छापे उठतात. वर्गात पोरं मान बघून हसतात."

ही गादी धाकटीच्या हाताखालून निसटून गेली असणार. नवरा गेल्यावर थोरली त्या गादीवर आडवी झाली. दुपार पेंगत होती, वर कापूस कुठं जायचं ते न ठरवता फिरत होता. डोळा लागला न लागला तोच बरगडीत गाठ रुतली. कूस बदलली, तिथंही गाठ. हे असं आपण लोकांना विकत होतो? हे असं धाकटीच्या अंगाला रोज लागत होतं? ती उठली आणि एकेक टाका कापायला लागली. खोळ उसवली, कापूस उपसला, आणि त्यात बोटांना काहीतरी चिकट लागलं. पारदर्शक चौकोन, कापूस माखलेला. चाचपत गेली तर आणखी एक निघाला.

घाम आणि कापूस. पट्टीच्या कडेखाली तंतू शिरायचे, ती सुटायची आणि भरता भरता गादीत जायची. औषध अंगावर नव्हतंच.

"गादीला गुण आला का?" टेबलावर ठेवलेले ते दोन चौकोन बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मग पट्टी बंद करून दंडाला चोळायचं जेल दिलं. आंघोळीनंतर लावायचं, वाळू द्यायचं, मगच कपडे आणि मगच कापूस. गोळी चालूच. "काही आठवडे जातील. आणि ही जादू नाही. कधी वाईट दिवस येईलही. गोळीनंच मन खचतंय वाटलं तर मला सांगा, बदलता येते."

तिथून ती थेट धाकटीच्या घरी गेली. धाकटीनं पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. थोरलीनं उभ्यानंच पट्ट्यांची हकिकत सांगितली. ऐकता ऐकता धाकटीच्या ओठांना हसू फुटत होतं, ते तिनं दाबलं.

"पट्टी पडली हे खरं, ताई. पण तो शब्द पट्टीचा नव्हता. तुमच्याजवळ होता."

"होता," थोरली म्हणाली. "औषधावर ढकलायला आले नाही. शब्द घाण होता आणि माझा होता. फोमवाल्यांकडं जायचं तर जा, पगारासाठी जा. त्या शब्दापायी जाऊ नकोस."

धाकटीनं तिच्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाली, "आता लपूनछपून उसवणार नाही. टाका घट्ट दिसला की तोंडावर सांगणार, गिऱ्हाईक असलं तरी. आणि त्या दिवशी दाभण माझ्या हातात."

"आणि मी नाही दिला तर?"

"तर फोम."

सोमवारी ती दुकानात आली. कारखान्याला काय कळवलं ते तिनं सांगितलं नाही, थोरलीनं विचारलं नाही. कामाला लागल्या, पण पूर्वीसारखं बोलणं व्हायला वेळ लागला.

वाईट दिवस आलाच, जरा लहान होऊन. मास्तर आपली गादी न्यायला आले होते आणि थोरली उरलेले टाके घालत होती. धाकटीनं मास्तरांच्या देखत हात पुढं केला.

"ताई. घट्ट."

थोरलीच्या जबड्याचं हाड हललं. मास्तर छताकडं बघायला लागले. तिनं दाभण धाकटीच्या हातावर ठेवला, जरा जोरातच, आणि शेजारी बसून बघत राहिली.

"वाकडे घालतेस," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"वाकडे तर वाकडे. माणसाला झोप तर लागेल."

"लागेल. पण माणूस वाकडं झोपेल."