इंद्रभान गुरुजींच्या दोन सतरंज्या

लोक युरोपात जातात तं फोटो काढून आणतात. आमचे इंद्रभान गुरुजी गेले आन् खासदार कुठं बसतात त्याचा नकाशा घेऊन आले. आता या मानसाले काय म्हनावं?

मी अशफाक, मंडपवाला. गावात लग्न असो की सभा, सतरंजी आन् भोंगा माह्याच घरून जाते. गुरुजीनं मले मंगरूळपीरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आन् दोन डाव नापास केलं. त्याचा राग मले अजून हाये, पन सकाळचा चहा मी त्याइच्याच संगं घेतो. त्याइची पोरगी पल्लवी जर्मनीत नर्स हाये. गुरुजी तिच्याकडं तीन हप्ते राह्यले, आन् एक दिवस नदीपल्याड फ्रान्सातल्या स्ट्रासबर्गले जाऊन युरोपची संसद पाहून आले.

आल्यापासून एकच रट. सत्तावीस देशाइच्या लोकाइनं निवडून देल्ले सातशे वीस खासदार, पन ते देशावारी बसत नाहीत, विचारावारी बसतात. जर्मनीवाला पोर्तुगालवाल्याच्या बाजूले, आन् त्याच्याच गावचा मानूस दुसऱ्या टोकाले. चोवीस भाषा चालतात. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत बोलाचं, बाकीचे कानाले यंत्र लावून ऐकतात. कायदा कोनी एकटा करत नाही. मसुदा मांडते युरोपचा आयोग, मंग संसद आन् देशोदेशीच्या मंत्र्याइची परिषद, दोघाइचा होकार लागते. अडलं तं तिघाइची मानसं एका टेबलावर बसतात. मी म्हनलं, गुरुजी, आपल्याले काय करायचं त्याचं? त्याइनं तो नकाशा पुन्हा उलगडला. मी समजलो, डोक्यात काही तरी शिजून राह्यलं.

गावात जुना पंचायत हॉल रिकामा पडला होता. काहीइले तिथं पोरापोरींसाठी अभ्यासिका पाह्यजे होती, काहीइले दुकानाचे गाळे. तीन ग्रामसभा त्याच्यावर वाया गेल्या. विहाराकडचे एका सतरंजीवर, आमचा मोहल्ला दुसऱ्या, तांडा तिसऱ्या. प्रत्येक सतरंजी एकाच तोंडानं बोले, आन् ते तोंड हमेशा मिशीवालंच राहे, आपल्याच मोहल्ल्याले गाळे मांगनारं.

मले गाळा पाह्यजे होता, खोटं कायले बोलू? माह्या दोन खोल्याइत नुसत्या कनाती, बांबू आन् खुर्च्या. माही पोरगी अनम तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते, तो बी त्याच पसाऱ्यात बसून. गाळा भेटला तं सामान तिकडं जाईन, घर मोकळं होईन, पोरगी आरामात वाचीन. सीधी बात होती.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सकाळी गुरुजी आले आन् म्हनले, आज हॉलात तीन नाही, दोनच सतरंज्या टाक, मधात रस्ता ठेव. सरपंच पौर्णिमाताईले त्याइनं आधीच पटवलं होतं. ताईनं भोंग्यावर सांगतलं, अभ्यासिका पाह्यजे तो लाल सतरंजीवर, गाळे पाह्यजे तो पट्ट्याच्या. लोक उठले आन् सवयीनं आपापल्या मिशीवाल्याच्या मागं जाऊन बसले. बायका नवऱ्यामागं. तिन्ही मोहल्ले पट्ट्याच्या सतरंजीवर, लाल मोकळी! मी मनात म्हनलं, गुरुजी, गेलं तुमचं युरोप पान्यात.

मंग तांड्यावरची हिरीबाई उठली. वय सत्तर. तिले बंजाऱ्याइची गोरमाटी बोलीच येते, म्हून सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. गुरुजीनं तिच्यापुढं माइक धरला आन् तिच्या पोराले, प्रेमसिंगले, म्हनलं का तू मराठीत सांग. प्रेमसिंगले स्वतःले गाळा पाह्यजे होता, तो अडखळला.

"दुभाष्यानं आपलं मत खिशात ठेवाचं," गुरुजी म्हनले. "माय बोलन तेच सांग."

आन् सांगतलं बाप्पा त्यानं, एक शब्द न गाळता. माय म्हनते, मी इतक्या सभाइत बसली, माह्या नावानं कोन काय बोललं ते मले समजलंच नाही. माही नात शिकून राह्यली. तिले बसाले जागा पाह्यजे, म्हून मी लालवर चालली.

हिरीबाई गेली आन् तिच्यामागं बायका उठू लागल्या, विहाराकडच्या, तांड्याच्या, आमच्या मोहल्ल्यातल्या. माह्या मागून अनम उठली. मी तिचा हात धरला. म्हनलं, बस खाली, गाळा तुह्यासाठीच मांगून राह्यलो.

"अब्बा, गाळ्यानं माह्या एकटीची सोय होईन. हिरीबाईच्या नातीनं कुठं बसावं?"

गेली ना पोरगी, साऱ्या गावासमोर! माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पट्ट्याच्या सतरंजीवर गच्च बसून राह्यलो.

मोजलं तं लालवर चौऱ्यांशी, पट्ट्याच्या एकोनसत्तर. दोन्हीकडं सारे मोहल्ले मिसळलेले. वीस वर्षं झाली मी सतरंज्या टाकतो, अशी सभा पाह्यली नव्हती. राग होता, तरी छाती भरून आली.

पन पंचायतीच्या सदस्याइचा होकार बाकी होता, आन् ते बहुतेक गाळेवाले. मंग गुरुजीनं तिसरी गोष्ट काढली. मसुदा लिवनारा ग्रामसेवक, सदस्याइकडून एक, लालवाल्याइकडून एक, तिघं एका टेबलावर. लालवाल्याइनं अनमले धाडलं. दोन तास मी बाहेर खुर्च्या रचून राह्यलो होतो, कान मात्र आत. तिघं बाहेर आले ते ठरवूनच, आन् सदस्याइनं मान डोलावली. हॉल अभ्यासिकेले, समोरच्या ओट्यावर दोन लहान गाळे बचतगटाच्या बायकाइले. माह्या कनातीसाठी अनमनं एक शब्द टाकला नाही.

सामान गाडीत भरतानी गुरुजी जवळ आले. मले विचारलं, नापास केल्याचा राग अजून हाये का? मी म्हनलं, हाये.

"मंग सोडून दे आता," ते म्हनले. "तुह्या पोरीनं तुहा राह्यलेला पेपर पास केला."

मी तोंड फिरवून बांबू गाडीत रचू लागलो. लाल सतरंजी मी अभ्यासिकेतच राहू देली. आता तिथं अनम बसते, तिच्या बाजूले हिरीबाईची नात. माह्या घरात अजून बांबूच बांबू हायेत. कोनी विचारते, अशफाकभाई, गाळा काहून नाही भेटला? मी सांगतो, सभेत हारलो. कोनं हारवलं, असं त्यानं विचारावं म्हून मी थांबतो, आन् विचारलं का भोंग्यावर बोलल्यासारखं सांगतो, माह्या पोरीनं.