मनुबाईच्या आसरा

कृष्णेला मिळणारी ती बारकी नदी उन्हाळ्यात गुडघाभरसुद्धा नसायची. पण तिच्या मुखाशी, कृष्णेच्या अगदी काठाला लागून, एक डोह होता, तो कधी आटला नाही. पावसाळ्यात कृष्णा फुगली की तिचं पाणी उलटं या नदीत शिरायचं आणि चढणीचे मासे अंडी घालायला वर जायचे. पूर ओसरला की पिल्लं डोहात उतरायची, करंजाच्या मुळ्यांत लपून वाढायची आणि मोठी होऊन कृष्णेत जायची. डोहावर पाणमांजरं होती, खंड्या होते, आणि मनुबाई भोईण होती.

नवरा गेल्यावर तिने त्याचं जाळं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मासे धरायची ती कृष्णेत, डोहात कधीच नाही. पिल्लंच मारली तर पुढच्या साली धरायचं काय? पण हे गावाच्या गळी कोण उतरवणार? विधवा भोईणीचं ऐकून घ्यायला गावाला वेळ कुठला! मग तिने डोहाकाठी पाण्यातल्या सात देवींचे, आसरांचे, सात दगड मांडले, शेंदूर फासला आणि सगळ्यांदेखत अंगात आणलं. "आमी साती आसरा! आमच्या डोहात जाळं टाकशीला तर घरटी एक मानूस वडून न्हेऊ!" गाव टरकलं. त्या दिवसापासून डोहात कुणी गळसुद्धा टाकला नाही. मनुबाई घरी येऊन पोट धरधरून हसली.

मग दूरदेशी मोठी लढाई लागली. लष्कराच्या दोरखंडासाठी तागाला कधी नव्हे तो भाव चढला आणि लालासाहेब पाटलांनी निम्म्या रानात ताग केला. दसऱ्यानंतर तो कापला. साल सुटायची तर ताग पाण्यात कुजवावा लागतो आणि एवढ्या तागाला गावचं तळं पुरेना. पाटलांच्या गड्यांनी पेंढ्या डोहात लोटल्या.

मनुबाई धावत गेली. "आवं पाटील, पानी नासंल! बारकी मासळी हाय त्यात."

"आसरांनी जाळं नगं म्हटलंय," लालासाहेब हसले. "ताग नगं, असं कवा म्हनल्या?"

खरंच की, तागाचं तिच्या आसरांना सुचलंच नव्हतं. तिने तिथल्या तिथं घुमून पाहिलं. पाटलांनी गड्यांना सांगितलं, "बाईला सावलीत बसवा रं. ऊन लागलंय."

थोड्याच दिवसांत पाणी काळं पडलं, घाण मारू लागलं. एका सकाळी सगळा डोह पांढऱ्या पोटांनी भरला. बोटाएवढी पिल्लं काठाला थराने साचली होती. मोठे मासे गावाने बुट्ट्या भरभरून नेले आणि मिटक्या मारत खाल्ले. जुलाब लागले तेव्हा कुठे सगळ्यांना आसरा आठवल्या.

देवाचा कौल सांगणारा गुंडा देवर्षी चावडीपुढे म्हणाला, "डोहात जाळं पडलं. आसरा कोपल्या."

गावात जाळं एकाच घरी होतं.

मनुबाईला पुढ्यात उभं केलं. आसरा-बिसरा काही नाहीत, दगड मी मांडले, सोंग मी केलं, मासे तुमच्या तागाने मेले, हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोललं की दुसऱ्याच दिवशी सगळं गाव डोहात उतरणार. कृष्णेच्या अंगाला, वाहत्या पाण्यात थोडी पिल्लं अजून जिवंत होती. सकाळीच तिने ती पाहिली होती.

"टाकलं जाळं," ती म्हणाली. "चुकलं माजं."

जाळं चावडीपुढे जाळलं. आसरांची ओटी भरली. साडी-नारळाचा खर्च लालासाहेबांनी केला आणि गावाने त्यांचं मोठं मन वाखाणलं. मनुबाईने स्वतः मांडलेल्या दगडांवर, सगळ्यांसमोर, नाक घासलं.

पुढच्या वर्षी ताग दुप्पट झाला. पेंढ्यांच्या गाड्या पुन्हा डोहाशी उभ्या राहिल्या. मनुबाई कशीबशी म्हणाली, "पाटील, आसरा कोपतील की वं."

"आता कशाला कोपतील?" लालासाहेब म्हणाले. "शांत केल्यात की आपन. आन जाळं तर आता गावात न्हाईच. चल, लाग कामाला."

मनुबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि पेंढ्या दाबू लागली. जाळं गेल्यापासून ती पाटलांकडेच मजुरीला होती.