मावशींचा डावा पाय

बसल्या की मावशी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून रिकाम्या डब्यावर ठेवायच्या आणि त्यालाच म्हणायच्या, "टेका आता पाव्हणं, लय मिरवलंत."

तरुणपणी भाताच्या बैलगाडीचं चाक त्या पायावरून गेलं होतं. हाड जुळलं, पण आतल्या रक्तवाहिन्या दुखावल्या त्या कायमच्याच. संध्याकाळपर्यंत पाय टम्म सुजायचा.

तुम्ही लोणावळ्याची चिक्की खाल्ली असेल. ती उभ्यानं लाटतात, पाक गार व्हायच्या आत. मी स्टूल पुढं केलं की मावशी खेकसायच्या, "पाक थांबतो व्हय माझ्यासाठी?"

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. चिक्कीच्या कारखान्यात आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. मावशींनी आपल्या खोलीत जागा दिली. तांदळाची भाकरी पुढं सरकवत म्हणाल्या, "तोंड नको वाकडं करू. ज्वारी तिकडं ऱ्हायली, तू हितं आलीस." बदल्यात मी दुसरं काय देणार? मी रोज त्यांचा पाय चेपायचे.

मागच्या दिवाळीत काम वाढलं. दोन दिवस त्यांची पोटरी दगडासारखी घट्ट आणि गरम लागत होती.

"मावशी, दवाखान्यात जाऊ."

"दिवाळी हून दे. तवर जरा जोर लावून चोळ."

मी तेल कोमट केलं. जोर लावला.

दुसऱ्या सकाळी लाटता लाटता त्या थांबल्या. छाती धरून म्हणाल्या, "पोरी, दम का पुरंना गं?" ओठ निळे पडले होते. रिक्षात श्वास तुटत होता, तरी पुटपुटत होत्या, "कुणाला तरी सांग, पाक उतरव म्हणून."

डॉक्टर म्हणाले, पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली. मग विचारलं, "पाय कुणी चोळला होता?"

मी म्हटलं, "मीच."

"त्यानंच सुटली असं सांगता येणार नाही. पण असा पाय चोळू नये."

दुपारी मावशी गेल्या.

बेगडेवाडीहून त्यांची लेक आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आईची लय सेवा केलीस गं. आमच्यानं न्हाई झालं." मी तोंड उघडलं, पण ती रडत होती आणि हात सोडत नव्हती.

अजून ती दर रविवारी फोन करते. विचारते, "जेवलीस का गं?" आज सांगायचंच, असं मी दर वेळी ठरवते. आणि म्हणते, "जेवले, ताई."