विंचूबाई आणि सासूबाईंची नागीण

गल्लीतली पोरं तिला विंचूबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. ती चारचौघींसारखीच, टाचा झिजेपर्यंत चपला वापरणारी आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बाई. पण ही दिवसभर विंचवांत बसते, असं कळल्यावर शेजारणी तिच्या पिशवीकडे जरा जपूनच बघायला लागल्या. सासूबाईंचा तर दंडकच होता, की कामावरची पिशवी उंबरठ्याच्या आत यायची नाही. बिचारी पिशवी दाराबाहेर खिळ्याला लटकलेली असे.

काम विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत होतं. खोली कायम उबदार. भिंतीला फळ्या, फळ्यांवर झाकणाला भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे डबे आणि डब्यात झाडाच्या सालीचा एकेक तुकडा. हे विंचू सालीच्या खालच्या अंगाला उलटे चिकटून बसत, त्यामुळे वरून रिकामी दिसणारी साल सगळ्यांत धोक्याची. गव्हाच्या रंगाचा, किडकिडीत प्राणी. पण डसला की धडधाकट माणूस लहान मुलासारखा कळवळतो. ती चिमट्याने विंचू धरायची, शेपटीला विजेचा बारीकसा झटका द्यायची आणि नांगीच्या टोकाला आलेला थेंब केसासारख्या काचेच्या नळीत ओढून घ्यायची. डोळ्यांत तेल घालून बघितलं तरच दिसेल, एवढाच तो थेंब.

एवढा खटाटोप एका उंदरापायी. शिकत असताना तिने वाचलं होतं, की वाळवंटातला एक उंदीर हे विंचू चक्क खातो. नांगी बसली तर ती जागा क्षणभर चाटतो आणि पुन्हा जेवायला लागतो. ज्या विषाने आपण तळमळतो, त्यानेच त्याचं दुखणं थांबतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला होता. या विषात असंख्य द्रव्यं आहेत. त्यातलं एखादं माणसाची वेदना थांबवेल का?

अशात सासूबाईंना नागीण झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं मुक्कामालाच राहिलं. डाव्या बरगडीखालच्या त्या पट्ट्याला वारा लागला तरी त्या दात आवळत. छापखान्यातून दमून आलेला त्यांचा मुलगा घामाने भिजला तरी पंखा लावत नसे. पिशवीचा दंडक कधी गळून पडला, कुणाला कळलंही नाही. सून घरात शिरली की सासूबाईच विचारत, “काय म्हणतायत तुझे विंचू?”

आणि एकदाचे विंचू बोलले. वेगळं काढलेलं एक द्रव्य प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरांना टोचलं. एरवी गरम पत्र्यावर ठेवलं की उंदीर लगेच पाय उचलून चाटतो. हे मात्र शांत बसून राहिले. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, हरखून गेले. शोधनिबंध छापून आला, वर्तमानपत्रात तिचा फोटो झळकला. शेजारणी आता तिच्याकडे कौतुकाने बघू लागल्या.

सुट्टीच्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना सासूबाई जवळ येऊन बसल्या.

“मला दे ना ते,” त्या म्हणाल्या.

“आई, ते अजून औषध झालेलं नाही. माणसाला दिलेलंच नाही कधी.”

“मग मला दे. मी कागदावर लिहून देते. काही झालं तरी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.”

ती नाही म्हणाली. समजावून सांगितलं, पण समजावणं म्हणजेही नाहीच. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. नवरा भांडला नाही, फक्त जेवताना खालमानेने म्हणाला, “थोडंसंसुद्धा नाही का गं?” ते तिला फार लागलं. कारण त्याच आठवड्यात ती प्रयोगशाळेत ते द्रव्य ठेवलेल्या शीतपेटीच्या मुठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे तोच प्रयोग पुन्हा करताना, पत्र्यावरून उचलून पिंजऱ्यात सोडलेला एक उंदीर तिला मागचे पाय ओढत जाताना दिसला. तिने सगळ्यांना फिरत्या दांडीवर चालवून पाहिलं. द्रव्य टोचलेले उंदीर पटापट खाली घसरले. त्यांच्या पायातलं बळच गेलं होतं. सर म्हणाले, मात्रा जास्त झाली असेल, कमी करून बघ. मात्रा कमी केली तेव्हा पायात बळ आलं, आणि गरम पत्र्यावर ते पाय उचलणंही परत आलं. विषय संपला.

सर काही दिवस तिच्याशी तुटक वागले. मग एका सकाळी स्वतःच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि दोघांनी मिळून शोधनिबंध छापणाऱ्या मासिकाला कळवलं, की आमचा निष्कर्ष टिकत नाही. नाक कापलं जायचं ते गेलंच. पण कळवून झाल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी पोटभर भूक लागली.

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या उंदरांना दुखतच होतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “पाय उचलता येत नव्हता, म्हणून तुम्हाला कळलं नाही.”

“हो, आई.”

“माझंही तसंच होतं गं. मी कण्हले नाही की तुम्हा दोघांना वाटतं, आज बरं आहे.”

वर्षानुवर्षं ती वेदनेवर काम करत होती आणि घरातल्या बाईला रोज एवढंच विचारत होती, “आज कसं आहे?” उत्तर यायचं, “ठीक.” आता ती बघायला लागली. सासूबाई खुर्चीच्या कडेवरच टेकतात. वेणी स्वतः घालत नाहीत. रेडिओ लावणं सोडलंय. ती त्यांना वेदनेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि हे सगळं बारकाईने सांगितलं. गोळ्या बदलल्या, अंगाला लावायच्या पट्ट्या मिळाल्या. नागिणीचं दुखणं मुळासकट गेलं नाही. पण पंखा लागायला लागला, रेडिओही.

प्रयोगशाळेतही तिने पद्धत बदलली. नवं द्रव्य आलं की आधी उंदीर सरळ चालतो का, ते बघायचं. मग पिंजऱ्यात कापूस टाकायचा. दुखत असेल तर उंदीर तो तसाच पडू देतो; बरं वाटत असेल तर कुरतडून, पिंजून त्याचं घरटं करतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. या कसोटीवर बरीच द्रव्यं आपटली. एक अजून तग धरून आहे, पण त्याबद्दल ती बाहेर चकार शब्द काढत नाही.

परवा एका शेजारणीने सासूबाईंना गाठून विचारलं, सुनेचं औषध कधी येणार म्हणून. सासूबाई वेणी घालत बसल्या होत्या, उजव्या हाताने जास्त आणि डाव्याने थोडी.

“येईल तेव्हा येईल,” त्या म्हणाल्या. “ती घाई करत नाही, आणि मीही आता तिला करायला लावत नाही.”