परमिट न देणारे अण्णा

साहेबांचा फोन आला की बाकीचे खुर्चीतून उठायचे. अण्णा मात्र आणखी ऐसपैस बसायचे. कबनूरजवळच्या सबस्टेशनचे ते ऑपरेटर. "फोनवर उभं ऱ्हायलेलं कुणाला दिसतंय?" असं वर विचारायचे.

मी तिथं गेटवे बसवायला गेलो होतो. प्रत्येक फिडरवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनवर, नजर ठेवणारा रिले वेगळ्या कंपनीचा, प्रत्येकाची भाषा वेगळी. गेटवे नावाचा डबा सगळ्यांचं ऐकून कोल्हापूरच्या कंट्रोल रूमला एकाच भाषेत सांगणार आणि तिथला हुकूम इकडे पोचवणार. हे मी मोठ्या तोऱ्यात समजावलं. अण्णा सीमेकडचे. म्हणाले, "माझी आय कानडी, बा मराठी. ल्हानपणी मधला दुभाष्या मीच. किती येळा उलटं सांगून मार चुकवलाय, तुमास्नी काय ठावं, इंजिनिअरसाहेब!" मला राग आला.

कोणता रिले कोणत्या फिडरचा, ही गेटवेत भरायची यादी मी ऑफिसातल्या नकाशावरून केली. यार्ड वाढवताना तीन आणि चार नंबरच्या फिडरांची अदलाबदल झाली होती. तिथल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ होतं, नकाशात मात्र नव्हतं. मी कुणाला विचारलंच नाही.

आठवड्याभरात तीन नंबरच्या लाइनवर काम निघालं. वायरमन बापू खांबाखाली जाऊन थांबला. कंट्रोल रूमनं गेटवेतून फिडर बंद केला, स्क्रीनवर तीन नंबर बंद दिसला आणि साहेबांचा फोन आला, "बापूला परमिट द्या, चढू दे."

"न्हाय. आधी यार्डात बघून येतो."

"मला स्क्रीनवर दिसतंय ना! यंत्रमाग बंद पडलेत, लोक बोंबलताहेत. हवं तर लेखी देतो."

"तुमचं लेखी घिऊन काय करू? बापूच्या बायकूला दावू?" रिसीव्हर टेबलावर तसाच बोलत ठेवून अण्णा बाहेर पडले.

मी मागोमाग गेलो. खरं सांगतो, ते चुकीचे ठरावेत असंच मनात होतं. पण तीन नंबरचा ब्रेकर चालू होता. बंद झाला होता चार. अण्णांनी तीन नंबर हातानं बंद केला, लाइन जमिनीला जोडणारं आर्थिंग लावलं आणि मगच परमिट दिलं.

काम आटोपल्यावर मी चाचरत विचारलं, "बापूला तुम्ही सांगाल का?"

"मी का? यादी तुमची. तुमीच सांगा."

सांगितलं. बापूनं सावकाश हातमोजे काढले. "पोरगी पहिलीत हाय माझी," एवढंच म्हणाला.

आदेश मोडला म्हणून अण्णांना नोटीस आली. 'असा आदेश परत आला तर परत मोडीन,' असं त्यांनी उत्तर लिहिलं. माझ्या रिपोर्टातलं 'चूक माझी' हे वाक्य काढायला साहेबांनी सांगितलं; मी काढलं नाही. नोटीस मात्र मागे घेतली गेली नाही. ती तशीच घेऊन अण्णा रिटायर झाले आणि गेल्या वर्षी गेले. फार आठवण येते.

आजही गेटवे सुरू करण्याआधी मी वायरमनला यार्डात बरोबर घेऊन एकेक फिडर चालू-बंद करून बघतो. दोन दिवस जादा जातात. वरून विचारणा होते, इतका वेळ कशाला? मी सांगतो, खांबावर चढणाऱ्या माणसापुढं एकदा मान खाली घातलीय. पुन्हा घालणार नाही. हवी तर माझ्यावरही नोटीस काढा.