दोरी आणि भिंतीमधली फट

बंदुकीच्या आवाजाने ज्याला घाम फुटतो त्याने बंदुका दुरुस्त करायचं दुकान चालवावं, म्हणजे पाण्याला घाबरणाऱ्याने नावाड्याच्या घरी जन्म घेण्यासारखं. पण पोट कुणाला चुकलंय? ओळंबाकाकांचे वडील बंदुकांचे मिस्त्री, म्हणून हेही मिस्त्री. उभ्या जन्मात त्यांनी स्वतः एक गोळी झाडली नाही. दुकानात बंदूक आली की ती रिकामी आहे ना ते बघायचं, मग पुन्हा बघायचं. मग तिचा बोल्ट, म्हणजे ज्याच्यावाचून गोळी सुटतच नाही तो लोखंडी दांडा, काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. आणि एवढं करूनही नळीसमोरून जायची वेळ आली तर वाकून जायचं.

"अहो, रिकामी आहे ती," बायको म्हणायची.

"ते तुला माहीत, मला माहीत. तिला माहीत आहे का?"

भीती त्यांना जन्मापासूनच चिकटलेली. कपाट अंगावर पडेल म्हणून लहानपणी ते अंगणात झोपायला जात, आणि अंगणात एवढं मोठं आभाळ डोक्यावर बघून पुन्हा आत पळत येत. ही गोष्ट त्यांची थोरली बहीण, अक्का, आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. चहाबरोबर काही नसलं तरी ही गोष्ट असायचीच.

पण भित्र्या माणसात एक गुण असतो. तो दोनदा बघतो. काकांना वाकडं काही दिसलं की चैन पडायची नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरचा फोटो सरळ करणार, मग खुर्चीवर टेकणार. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, त्या ओळंब्याचं नाव गल्लीने त्यांना देऊन टाकलं. खरं नाव आता बायकोलाही पटकन आठवत नसेल.

म्हणूनच लांबवर नेम धरणारी मंडळी बंदुकीवर दुर्बीण बसवून घ्यायला त्यांच्याकडे येत. काम बघायला सोपं, करायला जिवावरचं. बंदूक शिकंज्यात धरायची, तिच्या पाठीवर पातळी बघायची पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणायचा. मग दोन कड्यांमध्ये दुर्बीण सैलच ठेवायची, आणि आत डोळा लावला की जी काळी फुली दिसते, तिची उभी रेघ अगदी सरळ उभी राहीपर्यंत दुर्बीण कणाकणाने फिरवायची. मग स्क्रू आवळायचे, इकडचा थोडा, तिकडचा थोडा. एकाच बाजूने आवळलं की फुली सासरी रुसलेल्या सुनेसारखी मान फिरवते. उभी रेघ ताडायची कशाशी? तर दुकानामागच्या अंगणाच्या टोकाला टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी.

त्या दोरीच्या बरोबर मागे अक्का राहायची ती चार मजली इमारत होती. तिचा कोपरा वरपासून खालपर्यंत दोरीला असा जुळलेला, जणू दोरीची सावलीच. एकदा वारा सुटला होता, दोरी काही केल्या थांबेना. काकांनी कंटाळून ती खिळ्याला गुंडाळली आणि इमारतीच्या कोपऱ्याशीच रेघ जुळवली. काम चोख झालं. पुढच्या वेळी वारा नव्हता, तरी दोरी काही सुटली नाही. मग ते अंगवळणीच पडलं. दोरीचं काय, ती हलते. इमारत थोडीच हलते?

एका सकाळी नेमबाज पोरगी आली. उंच, सडपातळ, मोठ्याने हसणारी. एरवी दारातूनच "काका, आज कशाला घाबरलात?" म्हणून विचारायची. आज तसं काही म्हणाली नाही. बंदूक टेबलावर ठेवली आणि कागदाची दोन निशाणं उलगडली.

"काका, तुम्हाला सांगायचं म्हणजे जिवावर येतं."

जवळून मारलेल्या गोळ्या मधोमध होत्या, एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. लांबून मारलेल्या चांगल्या वीतभर उजवीकडे गेल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

"वारा असेल," काका म्हणाले.

"पान हलत नव्हतं. आणि माझीच नाही, आमच्या सरांची दुर्बीण तुम्ही परवा बसवलीत ना? तीसुद्धा उजवीकडेच."

काकांनी दोन्ही निशाणं उजेडात धरली. हे दुखणं काय असतं ते त्यांना पक्कं ठाऊक. लांब मारायचं तर गोळी वाटेत खाली येते, म्हणून दुर्बिणीवरची चकती फिरवून नेम वर चढवावा लागतो. फुली कललेली असली तर नेम कललेल्या शिडीवरून चढल्यासारखा वर जाता जाता बाजूला सरकतो. जवळच्याला शिडीची एकच पायरी लागते, तिथे काही कळत नाही. लांब गेलं की कळतं. म्हणजे फुली कलली होती. म्हणजे डोळा गेला, नाहीतर हात गेला.

त्यांनी बायकोकडे चोरून पाहिलं. ती चहा गाळत होती, तिला काही पत्ता नव्हता. डोळा गेल्यावर मिस्त्रीने काय करायचं? गल्लीतले फोटो सरळ करत फिरायचं?

त्यांनी बोल्ट काढून खिशात टाकला, बंदूक शिकंज्यात घेतली, बुडबुडा मधोमध आणला आणि श्वास धरून दुर्बिणीला डोळा लावला. काळी रेघ इमारतीच्या कोपऱ्यावर तंतोतंत बसली होती.

"बघ!" त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "जुळलंय की! ये, तूच बघ!"

पोरीने वाकून पाहिलं. "कशाशी जुळलंय, काका?"

"कोपऱ्याशी."

"आणि दोरी?"

काकांना शरम वाटली. गुंडाळलेली दोरी सोडून तिच्यावरची जळमटं पुसली, खालचं वजन हलू नये म्हणून ते बादलीतल्या पाण्यात बुडवलं. दोरी थांबली. काकांनी पुन्हा डोळा लावला.

खाली दोरी कोपऱ्याला चिकटलेली होती. वर जाता जाता तिच्यात आणि भिंतीत उजेडाची एक फट पडत गेली होती. बारीकच, दार नीट न लागल्यावर पडते तशी. कोपरा उजवीकडे गेला होता, आणि त्याचा हात धरून काकांची फुलीही.

आधी त्यांनी दोरी कुठे अडकलीय का पाहिलं. मग चष्मा पुसला. मग डावा डोळा लावला. फट जाईना. डोळा शाबूत होता, हातही. क्षणभर त्यांना बरंच वाटलं, आणि मग लक्षात आलं, उरली ती फक्त इमारत.

"काका," पोरगी हळू म्हणाली, "त्या इमारतीत कुणी राहतं का हो?"

"माझी बहीण," काका म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर. भावोजी अंथरुणाला खिळलेले आहेत."

पोरगी म्हणाली, मी नगरपालिकेत जाते, इंजिनिअरना घेऊनच येते. गेलीसुद्धा. काकांनी मागचं फाटक उघडलं आणि पळत सुटले. कुत्रं मागे लागल्याशिवाय ते कधी पळाले नव्हते, त्यामुळे गल्लीतले लोक कुत्रं शोधू लागले.

जिन्यात त्यांनी कठड्याला हात लावला नाही. आपल्या वजनाने काही होईल असं वाटलं. रोजचाच जिना, पण आज प्रत्येक पायरी त्यांच्याकडे बघत होती. दुसऱ्या मजल्यावर भिंतीला एक चीर होती. ती आधीपासूनची होती का? त्यांना आठवेना, आणि ते आठवेना याचीच भीती वाटली.

अक्काने दार उघडायला दोनदा खांदा लावला. "फुगलंय मेलं, बारा महिने फुगलेलंच," ती म्हणाली. "ये. काय झालं? उंदीर दिसला?"

"अक्का, भावोजींना घेऊन आत्ताच्या आत्ता खाली चल. इमारत कललीय."

अक्काने हात कमरेवर ठेवले. पलंगावरच्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत? आज कपाट नाही, अख्खी इमारतच पडतेय."

भावोजी हसले आणि हसता हसता खोकले.

"दुर्बिणीतून बघितलं मी. दोरी आणि कोपऱ्यात फट आहे."

"तुझ्या डोक्यात फट आहे. पूल पडणार म्हणून तू माझ्या लग्नाला दोन गावं वळसा घालून आलास, आठवतं? पूल अजून उभा आहे. बस, चहा टाकते."

काका काही बोलणार तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. आईचा फोटो टांगलेला होता, एका खिळ्याला दोरीने. नेहमीसारखाच थोडा वाकडा. सवयीने त्यांनी हात उचलला, आणि हात हवेतच राहिला.

गेलं वर्षभर दर खेपेला ते हा फोटो सरळ करत होते. दर खेपेला तो परत वाकडा होई. अक्का म्हणायची, आईला माहेरच्या बाजूला बघायचंय. पण दोरीला टांगलेली वस्तू कधी वाकडी टांगली जात नाही. फोटो सरळच होता, वर्षभर. वाकडी भिंत होती, आणि काका खऱ्याला ढकलून खोट्याशी जुळवत होते.

ते तिथल्याच स्टुलावर बसले.

"अक्का, तू येत नसलीस तर मीही जात नाही."

"काय?"

"मी इथेच बसतो."

अक्का चहा टाकायला गेली. भांड्यांचा थोडा आवाज झाला, मग थांबला. ती दाराशी येऊन भावाकडे बघू लागली. त्याचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं. कानाशी घामाची धार लागली होती. दर थोड्या वेळाने त्याची नजर छताकडे जाई आणि तो डोळे गच्च मिटून घेई. पण उठत नव्हता. हा बाळ्या! फटाका दिसला की मैलभर पळणारा, वीज चमकली की आईच्या पदरात शिरणारा. आयुष्यात तिने त्याला जिथे भीती आहे तिथे बसून राहिलेला पाहिला नव्हता.

"बाळ्या," तिचा आवाज बदलला होता. "खरंच का रे?"

काकांनी नुसती मान हलवली.

अक्काने गॅस बंद केला. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "उठायचंय."

"मी कसा उठणार?"

"तुम्ही नाही हो, तुम्हाला उठवायचंय."

समोरच्या दारातल्या शिंप्याला हाक मारली. तो आधी हसला, मग काकांचं तोंड बघून हसायचं विसरला आणि बायकोला म्हणाला, पोरांना घे. भावोजींना खुर्चीत बसवून धोतराने बांधलं. शिंपी पुढून, काका मागून. अक्का पुढे चालत होती, काखेत आईचा फोटो आणि तोंडाने अखंड सूचना. "डावीकडे घे. अरे, त्यांचं डोकं! गवताचा भारा आहे का तो?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीच्या आत कुठेतरी टक् असा आवाज झाला. बोट मोडावं एवढाच. सगळे जागच्या जागी थांबले. भावोजींच्या मांडीवर चिमूटभर चुना पडला.

अक्काच्या सूचनाही थांबल्या. उरलेला जिना ते कसे उतरले ते काकांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवे, की खुर्चीचा पाय पोटात रुतत होता आणि खिशातलं काहीतरी जड मांडीवर आदळत होतं.

खाली पोरगी इंजिनिअरबाईंना घेऊन आली होती. आता या बाई मोठ्याने हसाव्यात, 'अहो काका, एवढी फट सगळ्याच इमारतींना असते' म्हणाव्यात आणि आपण गल्लीत वर्षभर तोंड लपवून फिरावं, एवढीच काकांची इच्छा होती. असं हसं करून घ्यायला त्यांनी आयुष्यभराची सगळी धैर्याची शिल्लक दिली असती.

बाईंनी अंगणात जाऊन दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग इमारतीच्या पायाशी जाऊन वाकल्या, ओल्या मातीत बोट घातलं. आत कुठेतरी नळ फुटून जमीन खालून धुतली जात होती. त्या उभ्या राहिल्या तेव्हा हसत नव्हत्या.

"सगळ्यांना बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "सामानासाठी कुणी परत जायचं नाही."

दुपारपर्यंत इमारत रिकामी झाली. शिंप्याचं मशीन आतच राहिलं, तळमजल्यावरच्या म्हातारीची मांजर सगळ्यात शेवटी आणि स्वतःच्या मर्जीने बाहेर आली. इमारत पडली नाही. ती पडायच्या आत वरून एकेक मजला उतरवला गेला. पण उतरवणाऱ्यांनी कोपऱ्याचा खांब पायाशी किती खचलाय ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः येऊन काकांच्या दुकानात बसून गेला. पाणी प्यायला आणि गेला.

इमारत रिकामी झाली त्या दिवशी रस्त्यावर उभं असताना अक्काने भावाचा खिसा चाचपला. "हे काय लोखंड घेऊन फिरतोयस?"

"माझा बोल्ट!" पोरगी ओरडली. "अहो काका, माझी स्पर्धा आहे परवा!"

काका खदखदून हसले, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते रडू आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. अक्काने त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. तीही कापत होती. आता कुठे तिला भीती वाटायला वेळ मिळाला होता.

पोरीची दुर्बीण काकांनी दोरीशी जुळवून पुन्हा बसवली. सरांचीही. त्या वर्षात जेवढ्या बसवल्या होत्या तेवढ्या सगळ्या हाका मारून परत मागवल्या.

अक्का आणि भावोजी आता काकांकडेच राहतात. अंगणाच्या टोकाला दोरी लोंबते, तिच्या मागे नुसतं आभाळ. घरात आईचा फोटो लावलाय. काका रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहतात, पण हात लावत नाहीत. आधी भिंतीकडे बघतात, मग फोटोकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

"सरळ आहे रे," अक्का आतून ओरडते. "चहा घे."

परवा चहा घेता घेता काका हळूच म्हणाले, "अक्का, मागे आता काहीच नाही ताडून बघायला. समज, दोरीच वाकडी लोंबत असली तर?"

अक्काने बशी खाली ठेवली. "मग जमीनच कलली असेल, बाळ्या. तिथून मला कुठे उतरवून नेणार आहेस?"

काका हसले. चहा संपवला. आणि उठून दोरी पुन्हा एकदा बघून आले.